चार शब्द नणंदेकडे, पाचवा लेकीकडे

मी त्सोन्का मारिनोवा, स्तामेनची विधवा, राहणार दोल्ना क्रुशा, हे माझ्याच हातानं लिहिते. डोकं शाबूत आहे. गुडघे नाहीत, पण ते कोणाला देत नाहीये. माझ्यावर कोणी जबरदस्ती केलेली नाही, करून बघावी.

१. घर आणि आलुबुखाराची बाग लेक रालिना हिला. दारू गाळायची तांब्याची भट्टी शेजारच्या वेल्कोला. तशीही ती त्याच्याकडेच पडलेली असते.

२. फोनमधलं खातं. त्यात स्तामेनची गाणी आहेत, दुसरीकडे कुठेच नाहीत, म्हणून नीट वाचा.

पहिला पासवर्ड लक्षात राहावा असा ठेवला: स्तामेनचं नाव आणि तो गेला ती तारीख. तीच तारीख मी आमच्या गावच्या रीतीप्रमाणे दरवर्षी त्याच्या फोटोखाली छापून फाटकावर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटवते. नणंद ग्रोझ्दा ती वाचून खात्यात शिरली आणि माझ्या नावानं गावाला लिहिलं, “कुंपणावरच्या अक्रोडाच्या भांडणात चूक माझीच. वन्सं, माफ करा.” पाद्रीबाबांनी माझं अभिनंदन केलं.

मग रालिनानं असा पासवर्ड दिला, की कळफलकावरून मांजर धावलं असावं. आठवेना, म्हणून फ्रिजवर चिकटवला. ग्रोझ्दा लगेच बर्फ मागायला हजर.

शेवटी रालिना म्हणाली, “आई, खेळातले फासे टाक. पासवर्डसाठी शब्दांची आकडे घातलेली यादी मिळते, तीत पडलेल्या आकड्यांसमोर असेल तोच शब्द घ्यायचा. आवडनिवड नाही.”

“एक शब्द बदलून तुझ्या बाबांचं नाव घालू?”

“आई, फासे बाबांना ओळखत नाहीत.”

पाच शब्द पडले. एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. रालिनाच्या डोक्यात शेवटचा तेवढा टिकला, माझ्यावर गेलीये.

३. ग्रोझ्दा मात्र आजवर एकही अपमान विसरलेली नाही. म्हणून पहिले चार शब्द मी कुंपणाशी उभी राहून तिलाच ओळीनं हासडले. परवा भांडण उकरून पाहिलं. चारही तिनं त्याच क्रमानं माझ्या तोंडावर फेकले.

मी गेल्यावर रालिनानं विचारायचं, “आत्या, आई तुला काय म्हणाली होती?” पाचवा शब्द टाकताना आत्याला भिंतीकडे तोंड करून बसवायचं. मग भावाचं गाणं तिलाही ऐकू द्यायचं.

वन्सं, ते चार शब्द फाशांचे होते, मनावर घेऊ नका. बाकी जे बोलले ते माझं स्वतःचं होतं, आणि ते कायम आहे.

दोल्ना क्रुशा, ९ ऑक्टोबर २०२३
सही: त्सोन्का मारिनोवा
साक्षीदार: मिन्को दोचेव, स्तोइका रुसेवा (दोघांनी मजकूर झाकलेला असताना सह्या केल्या)