बाकी एक

प्रिय नंदू,

तुझं पुस्तक पोचलं. पहिल्या पानावर 'माझ्या वनूस' असं तुझ्या वळणदार अक्षरात लिहिलंयस. कॉन्व्हेंटमध्ये आपण दोघींनी एकाच कित्त्यावर अक्षर घोटलं, म्हणून क्षणभर वाटलं, मीच लिहिलंय. पुढची पानं उलटली आणि कळलं, आतलंही बरंचसं माझ्याच वर्गातलं आहे.

भांडायला बसले होते, पण बोर्डिंगच आठवत राहिलं. निबंधात तू 'आमच्या धर्मापुरीत लई ऊन हाय' लिहिलंस आणि मराठीच्या बाईंनी लाल शाईनं अख्खी ओळ खोडली. तू जेवली नाहीस त्या दिवशी. गच्चीच्या जिन्यात बसून आपण ठरवलं, शिक्षिका झालो तर लाल पेन हातात धरायचा नाही.

मी धरला नाही गं. चकलांब्याच्या शाळेत चौथीच्या मुलांना मी प्रत्येक विषयात लिहायला लावते, हे दिवाळीत तुला सांगितलं. विज्ञानात पाण्याच्या थेंबाची रोजनिशी, भूगोलात डोंगरानं सिंदफणा नदीला धाडलेलं पत्र, गणितात भागाकाराची गोष्ट. तुझा चहा गार झाला, तू मुलांची वही वाचतच होतीस. आफ्रीनच्या गोष्टीला आधी हसलीस, मग डोळे पुसलेस. म्हणालीस, "चार दिवस दे गं, शिक्षकांच्या प्रशिक्षणात दाखवते." मी दिली. मैत्रिणीला कशाला विचारायचं, कधी परत करशील?

आफ्रीन आमच्या चाँदभाई फळवाल्यांची. तिनं लिहिलं होतं, 'मी बाकी हाय. सतरा सीताफळं पाच घरांत वाटली. समद्यांना तीन तीन गेली. मी एकटीच टोपलीत राहिले. मला कुणी नेलं न्हाई.' मी म्हटलं, अगं, पाच त्रिक पंधरा, मग दोन उरायला हवीत. तिनं मान खाली घातली. "दोनच हुती बाई. एक म्या खाल्लं." मी त्यावर चुकीची खूण केली नाही, बरोबरचीही नाही. तसंच राहू दिलं.

तुझ्या पुस्तकात ते एकतिसाव्या पानावर आहे. 'हाय'चं 'आहे' झालंय, 'समद्यांना'चं 'सर्वांना'. खाली नाव तुझं. बाकी मात्र एकच. भाषा एवढी धुऊन काढलीस, पाढा नाही म्हणून पाहिलास.

गेल्या आठवड्यात तालुक्याला मुलांची लेखनस्पर्धा होती. आफ्रीननं हौसेनं तीच गोष्ट लिहिली. परीक्षकांनी तुझं पुस्तक पुढ्यात ठेवून विचारलं, "यातनंच उतरवलं ना, बेटा?" ती म्हणाली, "न्हाई सर, सीताफळं आमचीच हुती." सगळे हसले. तिचा कागद बाद झाला. परत येताना चाँदभाईंनी हळूच मला विचारलं, "बाई, पोरीनं खरंच चोरलं काय?" मी नाही म्हटलं, पण दाखवायला हातात वही नव्हती. तेव्हापासून आफ्रीन पेन्सिल उचलत नाही. गोष्ट लिही म्हटलं, तर विचारते, "कुणाची लिहू, बाई?"

मी किती रडगाणं गायलं, तरी आफ्रीनच्या कागदासाठी परीक्षक शुक्रवारी एकदाच पुन्हा बसणार आहेत, आणि मूळ वही तुझ्याकडे आहे. ती पोस्टानं धाडू नकोस. घेऊन ये, स्वतः. माझं नाव कुठेही नको, मला फक्त त्या पोरीच्या हातात पेन्सिल परत हवी आहे. तिथं तू लांबलचक बोलू नकोस. सगळ्यांसमोर तिला एवढंच विचार, की दुसरं सीताफळ कुठं गेलं. ज्यानं गोष्ट लिहिली त्यालाच ते माहीत असतं. तुला ते आज माझ्या पत्रातून कळलं.

'तुझीच' लिहायला गेले आणि हात थांबला. शुक्रवारपर्यंत नुसतीच,

वनमाला