सदानंदांची साखर

१२ जानेवारी
उपाशीपोटी २९८! "अगं नीला, मी काही खाल्लं नाही," म्हणे. खोटारडे! शेजारच्या झोहराने दिलेला हलवा मी माझ्या कपाटात कुलूपबंद केला. पायाच्या अंगठ्याची जखम पाच आठवडे जशीच्या तशी. डॉक्टरांनी बजावलंय – साखर उतरली नाही, तर अंगठा काढावा लागेल. आणि हे चोरून खातात!

१५ जानेवारी
३०४. खिसे तपासले. निघाल्या चार लवंगा! म्हणे, "तोंडाला वास येतो." चाळीस वर्षं शाळेत मुलांची दप्तरं तपासली मी. मला शेंड्या लावतात!

१६ जानेवारी
भाकरीच्या कडा ताटात तशाच. नखरे!

२० जानेवारी
जखमेवाल्या डॉक्टरांनीच दात दाखवायला सांगितलं. जिदहफ्सच्या दवाखान्यात डॉ. नाझिशकडे गेलो. हिरडी दाबली, तर पू आला. मी तोंड फिरवलं.

"आंटी, मुँह में इन्फेक्शन है तो शुगर कैसे उतरेगी? और शुगर ऊपर, तो मसूड़े कैसे भरेंगे, पाँव कैसे भरेगा? सब एक ही खून है."

म्हणजे चोरी नव्हती. आठ दिवस मी त्यांना चोर म्हणत होते.

"इतने दिन क्यों रुके, अंकल?" हे जमिनीकडे बघत म्हणाले, "इंडिया जाके करना था."

इथे आखातात राहणाऱ्या आम्हा सगळ्यांचीच ही खोड. चष्मा, दात, गुडघे – सगळं मे महिन्याच्या रजेसाठी राखून ठेवायचं! लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर आम्हाला रोज ओळीत उभं करून दात बघायच्या. या घरात कोण बघतं?

२१ जानेवारी
सलीलला झाडलं. "बापाच्या हिरड्या कुजल्या तरी तुला पत्ता नाही!"
"आई, रिलॅक्स. नोबडी टोल्ड मी!"
बरोबरच. सनाबिसच्या या फ्लॅटमध्ये चार माणसं, चार मोबाइल!

ह्यांना विचारलं, "कुणाला तरी बोलला असाल ना?"
"जाऊ दे गं." मऊ भात गिळत राहिले.
कुणाला तरी पाठीशी घालताहेत. सूनबाईच असणार – "बाबा, पुण्याला माझे मामा डेंटिस्ट आहेत" हे तिचं नेहमीचं पालुपद. विचारीनच एकदा!

३ फेब्रुवारी
तीन दात काढले. आज साखर १६२! कितीतरी दिवसांनी दोनशेच्या खाली! पण अंगठा काळा पडलाय. सोमवारी काढणार. डॉक्टर म्हणाले, "थोडं आधी आला असतात, तर..." पुढचं मी ऐकलं नाही.

डॉ. नाझिशला हिरड्यांचा त्रास कधीपासून, ते लिहून हवंय. ह्यांना आठवत नाही म्हणे. माझ्या जुन्या वहीत सापडेल.

४ फेब्रुवारी
सापडलं. गेल्या वर्षीची वही, २ ऑगस्ट. माझंच अक्षर:

"सदानंदांच्या ब्रशला रक्त. विचारतात, दाखवू का कुणाला? म्हटलं, एवढ्याशा रक्ताने कुणी मरत नाही, मेमध्ये पुण्याला बघू. नखरे!"

त्यांना आठवत होतं.