कॉब स्ट्रीटची सुनावणी

ब्रॅडन फॉल्स, ओहायो
१६ एप्रिल

प्रिय एमिल,

तू बरा आहेस ना? पत्रात विचारायची पद्धत म्हणून विचारत नाहीये, पण ते पुढे सांगते. मी ठीक आहे. डावा गुडघा कुरकुरतो. डॉक्टर वजन कमी करा म्हणतात, म्हणून ईस्टरला अक्रोडाचा रोल एकच केला आणि एकटीनेच संपवला. आईसारखा जमत नाही. दरवेळी कड जळते.

तुझा फोन लागत नाही. हा क्रमांक बंद आहे असं ती बाई सांगते, तेही काय गोड आवाजात. म्हणून हे पत्र. टूसॉनचा पत्ता नाताळच्या जुन्या कार्डावरून घेतलाय. आपलं शेवटचं बोलणं होऊन दोन वर्षं झाली. तू म्हणालास, "नगरपालिकेत बसून आपल्याच गल्लीला मूठमाती देतेयस." मी म्हणाले, "मग ये ना, आणि छप्पर दुरुस्त कर." मग दोघांनीही फोन आपटले. आधी कोणी आपटला यावर भांडायला मी तयार आहे, पण आज नको.

सेंट सिरिलचं चर्च आता महिन्यातून एकदाच उघडतं. ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात शुक्रवारी तळलेले मासे मात्र अजून मिळतात. आपल्या लोकांना प्रार्थना चुकली तरी चालते, मासे चुकलेले चालत नाहीत.

ऑफिसात आराखड्याचा मोसम आहे. घरांसाठी आणि लोकांच्या सोयीसुविधांसाठी वॉशिंग्टनहून वर्षाचा निधी येतो. तो कशावर खर्च करायचा हे आधी गावाला विचारावं लागतं. म्हणजे पेपरात नोटीस द्यायची, जनसुनावणी घ्यायची, महिनाभर हरकती आणि सूचना स्वीकारायच्या आणि आलेल्या प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यायचं. कोणी फिरकलं नाही तरी सुनावणी घ्यावीच लागते. रिकाम्या हॉलला तीनदा विचारायचं, "कोणाला काही म्हणायचंय का?" थोडं थांबायचं आणि मग आवरायचं. तू हसायचास. "टेसला खुर्च्यांशी गप्पा मारायचा पगार मिळतो," म्हणायचास.

यंदाच्या मसुद्यात म्हाताऱ्यांना घरपोच जेवण आहे, जुन्या शाळेत पाळणाघर आहे, काही घरांची छपरं आहेत. आणि पाडकाम आहे. कॉब स्ट्रीटवर उरलेली सगळी घरं पाडायची आहेत, त्यात आपलंही आहे, एमिल. ते मी घातलेलं नाही. आपलीच गल्ली म्हणून तिथे मला मत नाही, तसं मी आधीच कळवलं होतं. मी फक्त सुनावणी चालवते. मालकाने हरकत घेतली तर घर पाडता येत नाही, आणि मालक आपण दोघं. मी हरकत घेणार नव्हते. आई गेल्यापासून तिथे कोणी राहत नाही, जिन्यात पाणी गळतं, आणि बस तिथून जाते तेव्हा मी दुसऱ्या खिडकीतून बाहेर बघते. आहे ते हे असं आहे.

तुला या खुर्च्यांची गोष्ट कधी सांगितली नाही. सांगितली असती तर चिडवून चिडवून जीव नकोसा केला असतास.

माझ्या आधी हे काम लॅथम नावाचा म्हातारा करायचा. निवृत्त होताना त्याने मला एकच गोष्ट शिकवली. आजवर जितकी घरं पाडली, तितक्या खुर्च्या पुढे मांडायच्या. मी विचारलं, "का बरं?"

म्हणाला, "नाही मांडल्या तर उभे राहतात. मग लवकर आटोपत नाही."

मला वाटलं, म्हातारा जाता जाता थट्टा करतोय. पण त्याच्या शब्दाला मान म्हणून मांडल्या. त्या संध्याकाळी मिसेस झेलेंका आल्या. आपल्या समोरच्या घरातल्या, चेंडू अंगणात गेला की खराटा घेऊन धावायच्या त्याच. त्यांच्या शवपेटीला तू खांदा दिला होतास. पायात घरातल्या सपाता होत्या. त्या माइकपाशी आल्या, नाव सांगितलं, कॉब स्ट्रीटचा पत्ता सांगितला आणि म्हणाल्या, "कोपऱ्यावरचा दिवा लावा हो. कितीदा फेऱ्या मारते, घर सापडतच नाही."

त्यांचं घर आम्ही आदल्या शरद ऋतूत पाडलं होतं. मी मान खाली घातली आणि त्यांचं म्हणणं लिहून घेतलं. आलेली हरकत लिहून घ्यायची, एवढंच मला येतं.

दुसऱ्या दिवशी कॉलीनला सांगितलं. कॉलीन ग्रब माझी साहेब, तिला तू ओळखतोस, आवाज मोठा आणि मन मऊ. मला वाटलं, ती मला सुट्टीवर पाठवणार. ती म्हणाली, "बोलणारा माणूस जिवंत असला पाहिजे असं नियमात कुठे लिहिलंय, दाखव मला." आम्ही दोघींनी खरंच नियम काढून पाहिले. तसं कुठेच लिहिलेलं नाही. कॉलीनला ती माणसं दिसत नाहीत. पण त्या खुर्च्यांवर ती कधी पर्ससुद्धा ठेवत नाही.

मग उत्तरं पाठवायला लागले. पाडलेल्या घराच्या पत्त्यावरचं पत्र पोस्टातून परत येतं, त्याचा शिक्काच असतो. ही पत्रं परत येत नाहीत. एका वर्षी कबुतरवाल्या मिस्टर टिब्सचं घर पाडताना मशीन बिघडलं. समोरची भिंत आणि दार तेवढं उभं राहिलं, मागे नुसतं आकाश. मी स्वतः गेले आणि दारातल्या पत्रं टाकायच्या फटीतून पाकीट आत सरकवलं. मग भिंतीला वळसा घालून मागे जाऊन पाहिलं. जमिनीवर काहीच नव्हतं. वारा नव्हता, एमिल. त्या दिवशी मी धावत बसस्टॉपपर्यंत गेले, या गुडघ्यांनी.

माणसाला कशाचीही सवय होते, मलाही झाली. त्यांचं मागणं तरी काय असतं! दिवा लावा, फुटपाथ नीट करा, नळाचं पाणी लाल येतंय. जिवंत असताना मागितलं तेच पुन्हा मागतात. तेव्हा मी ऐकलं होतं का, ते मला आठवत नाही.

यंदाची सुनावणी गेल्या बुधवारी झाली, चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये, संध्याकाळी. बाहेर छान ऊन होतं. खुर्च्या मी मोजून मांडल्या होत्या. सगळे आले, बसले. मिस्टर टिब्स नेहमीसारखे पेंगत होते. मी पहिल्यांदा विचारलं, कोणाला काही म्हणायचंय का? दुसऱ्यांदा विचारलं. तेव्हा मागे, कोट टांगायच्या खुंट्यांपाशी, एक माणूस उभा दिसला. त्याला खुर्ची नव्हती. मी मनात म्हटलं, मोजताना चुकले की काय? पण चुकले नव्हते. त्याचं घर अजून पाडलंच नव्हतं, मग खुर्ची कुठून असणार?

इथे थांबून मी कॉफी केली. सिंक घासलं. घासलेलं पुन्हा घासलं. आता लिहिते.

तो माणूस तू होतास.

तपकिरी कॉर्डरॉयचं जाकीट, कोपराला आईने लावलेलं ठिगळ. वाळला होतास. खांद्यावर पट्ट्याची बॅग होती. तू माइकपाशी आलास, आणि सवयीने माझ्या तोंडून निघून गेलं, "नाव आणि पत्ता सांगा."

तू म्हणालास, "तुला माहीत नाही होय?"

"नियम आहे," मी म्हणाले.

"मोठी नियमवाली!" म्हणालास, आणि ते तिरकं हसलास. "एमिल होरवाट. एकशे अठरा, कॉब स्ट्रीट." टूसॉन नाही म्हणालास. "माझी हरकत आहे. घर पाडू नका. मी घरी येतोय."

मी तिसऱ्यांदा विचारायचं विसरले. कॉलीनने विचारलं, आणि हॉल रिकामा होता.

तर आता ऐक. तुझी हरकत मी अजून नोंदवलेली नाही. मुदत आठ मेपर्यंत आहे. त्या माइकवरून आजवर माझ्याशी जे जे बोलले, त्यांतलं जिवंत कोणी नव्हतं. म्हणून तू मला एवढंच लिही, की टेस, मी आलोच नव्हतो, तू म्हातारी झालीस, चष्मा बदल. शिव्या घाल. कोरं कार्ड पाठवलंस तरी चालेल, पत्ता तुझ्या अक्षरात असला म्हणजे झालं. मग घर पाडलं तरी मला चालेल. मी पुढे उभी राहून पाडून घेईन. हॉलमधला तो तू खोटा ठरलास तर त्या घराची एक वीटसुद्धा मला नको.

रोज दोनदा पोस्टाची पेटी उघडून बघते आहे.

तुझी,
टेस

•

११८, कॉब स्ट्रीट
८ मे

प्रिय एमिल,

हे पत्र टूसॉनला जाणार नाही.

तुझ्या घरमालकीणबाईंचा, मिसेस इबारांचा फोन आला होता. माझं पत्र त्यांनी उघडलं म्हणून बिचाऱ्या तीनतीनदा माफी मागत होत्या. कोणाला कळवायचं हे त्यांना माहीतच नव्हतं. तुझ्या खोलीत कोणाचाच नंबर नव्हता म्हणे. सुनावणीच्या आधीच्या रविवारी तू अंगणात खुर्ची टाकून बसला होतास, तोंडावर टोपी. त्यांना वाटलं, झोपलाय. जेवायला हाक मारायला आल्या तेव्हा कळलं. शेजारी बॅग भरून ठेवलेली होती, पट्ट्याची, आणि बॅगेच्या खिशात ओहायोचं बसचं तिकीट.

मी फोनवर त्यांना जाकिटाबद्दल विचारलं. तेच घातलेलं होतं. एवढ्या उन्हात जाकीट कशाला, असं त्या विचारत होत्या. मी म्हटलं, आमच्याकडे एप्रिलमध्ये गारठा असतो.

मी खूप रडले. तुझ्यावर चिडलेही. दोन वर्षं तोंड फिरवून बसलास, आणि निघालास तेव्हा आधी फोन करायचा नाही? चकित करायचं असणार मला. केलंस. राख पुढच्या आठवड्यात येईल. आई-बाबांच्या बाजूला जागा आहे, बाबांच्या डाव्या हाताला. त्यांना त्या कानाने ऐकू यायचं नाही, तेव्हा कितीही वाद घाल.

आज मुदतीचा शेवटचा दिवस होता. सकाळी मी तुझी हरकत नोंदवली, नाव, पत्ता आणि तुझे शब्द जसेच्या तसे. कॉलीनने वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"हा आला होता?"

"मागे उभा होता. खुंट्यांपाशी."

तिने चष्मा पुन्हा चढवला. मग म्हणाली, "तरीच. माझा कोट कोणीतरी सरकवून ठेवला होता." आणि तिने सही केली. मालकाची हरकत मुदतीत आलेली आहे, घर यादीतून वगळावं. दुसऱ्या मालकाचं म्हणणं काय, असं तिने नियमाप्रमाणे मला विचारलं. मी म्हणाले, दुसऱ्या मालकाचीही हरकत आहे.

तेव्हा हे तुझ्या हरकतीला रीतसर उत्तर. मान्य. घर पाडलं जाणार नाही. छप्पर मी बघते, जिनाही बघते. जूनमध्ये फ्लॅट सोडून मीच इथे राहायला येतेय. कोपऱ्यावरचा दिवाही यंदाच्या आराखड्यात बसला. मिसेस झेलेंकांना सांग, इतकी वर्षं लागली त्याबद्दल माझ्यावर खराटा उगारला तरी चालेल.

एक गोष्ट मात्र सही होताना लक्षात आली. पुढच्या एप्रिलमध्ये मी हॉलमध्ये उभी राहीन, तीनदा विचारीन, आणि खुंट्यांपाशी कोणी नसेल. ज्यांना घर आहे ते सुनावणीला कशाला येतील? तुला घर दिलं आणि तुला पाहण्याची माझी जागा गेली. तरी मान्यच आहे, एमिल. शंभरदा मान्य.

आता मी आपल्याच पायरीवर बसून हे लिहितेय. दुपारचं ऊन आहे, लायलॅकचं झुडूप फुललं आहे, गल्लीत कोणी नाही. पाकीट बंद करून दाराच्या फटीतून आत सरकवणार आहे. आतली जमीन लाकडी आहे, लहानपणी आपण वरच्या खोलीत असलो तरी खाली पत्र पडलेलं ऐकू यायचं आणि जिन्यावरून शर्यत लागायची. दरवेळी तूच आधी पोचायचास. मी दाराला कान लावून उभी राहीन. पडल्याचा आवाज आला, तर किल्लीने दार उघडून ते उचलीन आणि समजेन की एकट्या बाईला भास झाले.

मला आवाज ऐकायचा नाहीये. तेव्हा दाराशी ये, आणि हात पुढे कर.

तुझी धाकटी,
टेस