रिठ्याच्या पाण्यातलं घड्याळ

ठाकुर्ली,
२ नोव्हेंबर १९९४

प्रिय तानाजी,

नाही रे, फोटो हललेला नाही. तो तपकिरी डाग खरंच डायलवर आहे. मस्कतला बसून भिंगाने बघतोस म्हणजे कमाल आहे तुझी! मजेत ना? मी ठीक.

हो, तोच क्रोनोग्राफ. आपण कल्याणला त्या रिटायर्ड पायलटच्या घरून आणलेला, अठरा कॅरेट, कार रेसवाले घालायचे तसला. माझ्या तिन्ही सोन्याच्या स्पोर्ट्स वॉचेसमधला बेस्ट पीस.

डागाचं तुला सांगितलंच नव्हतं. गेल्या वर्षीच्या धनत्रयोदशीला आईने पूजेसाठी घरातलं सगळं सोनं रिठ्याच्या पाण्यात टाकलं. पाटल्या, नथ आणि माझं घड्याळ! मी ओरडलो, तर म्हणते, "सोना हाय ना? मंग लक्ष्मीम्होरं न धुता मलका ठेवू?" म्हटलं, अगं, जुनं आहे, आतलं रबर सुकलंय, पाणी शिरतं. तर हसतच सुटली. "खेलाचा घड्याल म्हनतोस न पान्याला भितंय? आन तू कोल्याचा पोर!" मग तिनेच गच्चीत सुकटीशेजारी वाळत ठेवलं. दिवाळीभर बोललो नाही मी तिच्याशी.

ठाण्याचे आपले घड्याळवाले विठ्ठलकाका म्हणतात, डायल रिपेंट करतो, नवंकोरं दिसेल. तू म्हणशील, ओरिजनल डायलला ब्रश लावणं पाप. पण डाग कुठे ओरिजनल आहे? तुझं उत्तर येईपर्यंत त्यांना थांबवलंय.

आईचा फराळ कधी पाठवतोस, विचारलंस. यंदा केला नाही. कंदीलपण नाही. समोरच्या रंगूबाईंनी ताट आणून दिलं, ते तसंच झाकून ठेवलंय. सोनंसुद्धा बाहेर काढलं नाही. वर्षाच्या आत घरातलं कोणी गेलं की सण नसतो, तुला माहितीये.

श्रावणात गेली रे आई. तापाचं निमित्त झालं. तुला कळवायला बसायचो आणि दरवेळी घड्याळांबद्दलच लिहून पाठवायचो.

आता संध्याकाळी तिघांना चावी देतो. घरात इतकं शांत असतं की कुठलं कोणतं ते टिकटिकीवरून कळतं. त्या डागावरून बोट फिरवावंसं वाटतं, पण मधे काच आहे.

तू तिच्या हातचं जेवलायस, म्हणून तुझ्यातल्या घड्याळ-कलेक्टरला नाही, तुला विचारतो. डाग काढू, की राहू दे?

तुझा,
कान्हा