कोनाड्यातल्या तारा

माधवगंज, लश्कर
४ जून १९४८

ती. गं. भा. आक्कास,

लीलाचा शि. सा. न. वि. वि. पत्राच्या डोक्यावर श्री नाही, तेव्हा तू समजलीच असशील. मामंजी मंगळवारी पहाटे गेले. झोपेतच गेले, हाल झाले नाहीत.

हे एकुलते एक, तेव्हा सगळं ह्यांनाच करावं लागतंय. पहिल्याच दिवशी डोकं आणि मिशी उतरवली. रोज दहाला नदीकाठच्या उघड्या ओट्यावर बसतात ते तीन वाजेपर्यंत. नदीत थेंब नाही, जवळपास सावली नाही. यंदा लूनं, उन्हाच्या झळांनी, माणसं भराभर जातायत, म्हणून गुरुजींकडे रोज तीन-तीन घरांची क्रिया. आपला नंबर लागेतो बसून राहायचं. कर्त्यानं छत्री घ्यायची नाही, पायात काही घालायचं नाही, कमरेला ओला पंचा तेवढा. मी म्हटलं, पाठीवर उपरणं तरी टाका, तर दुर्गाआत्या कडाडल्या की बापासाठी दहा दिवस ऊन सोसवत नाही का. मामंजींची ही बहीण बोलली की आमच्या घरात भिंतीसुद्धा माना डोलावतात, तुला ठाऊकच आहे.

पण आक्का, मला ह्यांची तबियत बरी दिसत नाही. हे सावळे, म्हणून दोन दिवस कळलंच नाही. जरा काळवंडलेत एवढंच वाटलं. काल जवळून पाहिलं तर पाठ तांबूस-काळी, ताणलेली, आणि हात न लावताही धग लागते. डोक्यावर आणि खांद्यांवर ज्वारीच्या दाण्याएवढे फोड आलेत. कपाळ सुजून डोळे बारीक झालेत. भर दुपारी थंडी वाजते म्हणतात, आणि काल दोनदा उलटी झाली. आत्या म्हणतात, ही पितरांची धग, दहाव्याला उतरेल. कर्त्याला कोणी शिवायचं नाही, म्हणून मी लांबूनच बघत बसते. दवाखान्याचं काढलं तर हे हसले, म्हणाले उन्हानं भाजायला आपण काय गोरे साहेब आहोत?

आपलं राज्य विलीन झालं, ह्यांचं सरकारी दफ्तर तुमच्या इंदूरला निघालं. ह्यांना पंधरा तारखेला तिकडे हजर व्हायचंय. मला मनातून आनंदच झाला होता की तुझ्या शेजारी बिऱ्हाड करू. दुखवट्याच्या तारा येतायत. इंग्रजी घरात ह्यांनाच येतं आणि ह्यांना डोळे उघडवत नाहीत, म्हणून आत्यांनी त्या कोनाड्यात ठेवल्यात. बरं वाटलं की वाचतील.

तू दवाखान्यातली, तुलाच विचारते, हे साधं आहे का? लवकर सांग. मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी,
लीला


इंदूर
७ जून १९४८

चि. सौ. लीलास,

आक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद. मामंजी गेल्याचं वाचून वाईट वाटलं. मोठा सालस माणूस. मला नर्स व्हायचं होतं तेव्हा दोन्ही घरांत एकटे तेच म्हणाले होते की जाऊ द्या पोरीला. त्यांच्यासाठी नंतर रडेन. आधी तू नीट वाच.

हे साधं नाही. उन्हानं कातडी नुसती लाल झाली, हुळहुळली, तर घरी भागतं. सावलीत निजवायचं, गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, पन्हं-ताक पाजत राहायचं, आणि बरं होईतो पुन्हा उन्हात पाठवायचं नाही. पण एवढ्या अंगावर फोड, तोंडाला सूज, उन्हाळ्यात थंडी आणि उलट्या, म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. बोलण्यात भ्रम वाटला किंवा लघवी कमी झाली, तर त्याच घटकेला. आणि लक्ष्मीकांतांना सांग की ऊन गोरा-काळा बघत नाही. सावळ्या अंगावर भाजलेलं उशिरा दिसतं, एवढाच काय तो फरक.

फोड फोडू नका. तूप, हळद, राख काही लावू नका. आत्याबाईंच्या हाताला आवर घाल. सुतक दहा दिवसांचं असतं ग, नवरा जन्माचा. शीव त्यांना, खुशाल शीव, पाप लागलं तर माझ्या माथी.

तुझं पत्र आज सकाळी हातात पडलं. तशीच पोस्टात धावत गेले आणि तार केली की ताबडतोब तुमच्या कंपू भागातल्या मोठ्या दवाखान्यात न्या. ती उद्या सकाळपर्यंत मिळेलच. हे पत्र पोचेल तेव्हा तू तिथे त्यांच्या उशाशी बसलेली असशील, आणि मी उगीच ओरडले म्हणून हसशील. हस बाई. मला तेच हवंय.

जीव टांगणीला लागलाय. दोन ओळी टाक.

तुझी,
आक्का


माधवगंज
८ जून १९४८

ती. गं. भा. आक्कास,

लीलाचा शि. सा. न. वि. वि. तुझं काहीच उत्तर नाही. माझं पत्र मिळालं ना? डाकिया दिसला की मी दारात जाते, आणि तो आपल्या दुखवट्याच्या तारा हातात ठेवतो. आज सकाळीही एक दिली. आता नऊ झाल्या. आजची मीच कोनाड्यात ठेवली.

हे कालपर्यंत ओट्यावर जाऊन बसत होते. परवा आत्यांनी बाभळीच्या काट्यानं फोड फोडले आणि वर हळद-तूप थापलं. रागावू नकोस, त्यांनी प्रेमानंच केलं. स्वतः दोन दिवस उपाशी आहेत. पण आता पाठीतून पाणी वाहतंय आणि वास येतो. रात्रभर हे दफ्तरात असल्यासारखे बोलत होते, फायली इंदूरच्या गाडीत चढवा म्हणून कोणाला तरी हिंदीतून दटावत होते. मला ओळखलं नाही. कालपासून लघवीला उठले नाहीत.

अस्पतालात नेऊ म्हटलं, तर आत्या म्हणाल्या, दोनच दिवस राहिलेत, क्रिया अर्धी टाकली तर माझ्या भावाला गती नाही. आक्का, तू एक शब्द कळवला असतास ना, तर मी तो शब्द आत्यांच्या तोंडावर फेकला असता. एकटीचा माझा धीर होत नाही ग.

लेकरावरची माया पातळ करू नकोस.

तुझी,
लीला


माधवगंज
१६ जून १९४८

ती. आक्कास,

तुझं पत्र दहा तारखेला आलं. दहाव्याचाच दिवस. गुरुजी ओट्यावर खोळंबले होते आणि ह्यांना उठवत नव्हतं. मी पत्र वाचलं, आणि आत्यांना काही न विचारता शेजारच्या रघुनाथरावांना टांगा आणायला सांगितलं. दहा दिवसांनी ह्यांना हात लावला, तर माझ्या तळव्याला ह्यांची कातडी चिकटून आली.

कंपूच्या डॉक्टरांनी शिकस्त केली. म्हणाले, विष रक्तात भिनलंय, दोन दिवस आधी आणायला हवं होतं. त्यांनी विचारलं, घरात कोणी जाणतं माणूस नव्हतं का? मी तुझं नाव नाही घेतलं. अकरा तारखेला सकाळी हे गेले. पाकिटावर तू चि. सौ. लिहिलं होतंस. एकच दिवस पुरलं ते.

तुझ्या पत्रातल्या तारेचं मला कालपर्यंत भानच नव्हतं. काल रघुनाथराव भेटायला आले, तेव्हा म्हटलं, तारा वाचून दाखवा. त्यांनी आठ वाचल्या. ईश्वर मृतात्म्यास शांती देवो, आठही तशाच. नववी उघडली आणि ते थांबले. आत्यांनी विचारलं, कोणाची आहे? त्यांनी सांगितलं. आत्या कोनाड्याखाली बसल्या त्या अजून धड उठलेल्या नाहीत. जेवत नाहीत. मला त्यांचा राग यायला हवा, पण तार मीच ठेवली होती ग. माझ्या ह्याच हातांनी. इंदूरहून माझ्या नवऱ्याचा जीव आला होता, आणि मी तो नीट घडी घालून ठेवला, हे उठून वाचतील म्हणून.

दफ्तराचा हुकूमही आला आहे, तोही इंग्रजीत. त्यात ह्यांचं नाव कुठलं, हेसुद्धा मला ओळखता येत नाही.

दिवस झाले की मी तुझ्याकडे येते. आत्यांनाही आणते, त्यांना इथे कोण आहे? तुझ्यासारखं नर्स व्हावं असं मनात येतं, पण ते पुढचं पुढे बघू. आधी मला इंग्रजी शिकव. पुस्तक आणू नकोस. तार मी बरोबर घेतली आहे, पहिला धडा त्याच कागदावर गिरवीन.

दार उघडं ठेव, एवढंच मागणं.

तुझी,
लीला