नमुना नऊ आणि तीन महासत्ता

ती. ताईस धाकट्याचा नमस्कार.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे सगळे ठीक, माझी नोकरी सोडून. बातम्यांत ऐकलंच असशील की कोर्टातल्या 'एका बेजबाबदार कारकुनाने' तीन बड्या देशांचा अपमान केला. तो कारकून म्हणजे मी. लहानपणी शेजारच्या कुत्र्याला हाड म्हणायची ज्याची छाती नव्हती, तोच.

भाऊजींसह एकतीस जण बाहेरून कुलूप लावलेल्या दारामागे जळाले, त्या कारखान्याच्या परदेशी मालकाला आमच्या बाईंनी (न्यायाधीश, आवाज इतका हळू की वकिलांना पुढे सरकून ऐकावं लागतं) सात वर्षं सुनावली, त्या दिवशी तू मागच्या बाकावर होतीस. रडली नाहीस. फक्त विचारलंस, "आता हे कोणी बदलणार नाही ना?" मी छातीठोकपणे म्हणालो, "कोर्टाचा निकाल आहे ताई, गंमत आहे का?"

आठवड्याभरात माझ्या आवक-जावकच्या टेबलावर तीन जाडजूड पाकिटं आली. मालकाच्या देशाला या निकालाबद्दल 'तीव्र चिंता', त्याच्या मित्रदेशाला 'गंभीर चिंता' आणि तिसऱ्याला (ज्याला आपला देश नकाशावर शोधायला भिंग लागेल) नुसतीच चिंता. एकतीस माणसं गेली तेव्हा यातल्या एकालाही साधी काळजी वाटली नव्हती. आता आमचा नियम असा, की खटल्याबाहेरच्या कोणी निकालाबद्दल पत्र पाठवलं की त्याला छापील नमुना नऊ जातो : 'आपण या खटल्यात पक्षकार नाही. म्हणणे मांडायचे असल्यास ओळखपत्रासह मंगळवारी अकरा वाजता स्वतः हजर राहावे.' बावीस वर्षं मी तो पाठवतोय, कैद्यांच्या मावश्यांना, रिकामटेकड्या पेन्शनरांना, एकदा एका ज्योतिष्यालाही. हाताला सवय झालेली. तिघांनाही शिक्का मारून पाठवला आणि डबा खायला गेलो.

हेडक्लार्क धावत आले. "अरे, महासत्ता आहेत त्या." मी म्हणालो, "साहेब, नमुन्यात महासत्तेला वेगळा रकाना नाही." (उद्धटपणा नव्हता गं, मी खरंच शोधला होता.)

मग चिंता वाढल्या आणि त्यांची औषधांची जहाजं आपल्या बंदराबाहेरच थांबली. मंत्री सकाळी म्हणाले, न्यायालय स्वतंत्र आहे. संध्याकाळी म्हणाले, स्वातंत्र्यालाही तब्येतीला जपावं लागतं. लगेच तुरुंगातल्या मालकाची तब्येत नाजूक असल्याचं उघडकीला आलं. बाईंची बदली प्रशिक्षण संस्थेत झाली. तिथे त्या नव्या न्यायाधीशांना निर्भयपणा शिकवणार आहेत.

माझ्यापुढे माफीपत्र ठेवलं. सही केली तर नोकरी राहील म्हणाले. मी ठणकावून सांगितलं की नियम मी केला नाही, मी फक्त पाळला. आपल्या घराण्यात मान खाली घालायची पद्धत नाही, हे तुला ठाऊक आहेच.

लहानांना आशीर्वाद सांग.

तुझा ताठ कण्याचा
धाकटा

ता. क. : सही केली. सांगितलं ते सकाळी, केली दुपारी. माझ्या मुलीच्या फिटच्या गोळ्या त्याच जहाजांत आहेत आणि घरात चार दिवसांच्याच उरल्यात. तुला दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहितो. फार लाज वाटते.

आणखी एक : मालक सोमवारी सुटतोय. ते तिन्ही नमुना नऊ मागे घेतले, पण नमुना गेला की बोर्डावर, म्हणजे त्या दिवशीच्या कामांच्या यादीत, नाव चढतं आणि येत्या मंगळवारच्या बोर्डावरून ते उतरवायला वेगळा हुकूम लागतो. तो कोणी काढलेला नाही आणि मीही आठवण केलेली नाही. म्हणजे अकरा वाजता पट्टेवाला तिन्ही देशांना तीन-तीनदा पुकारणार. कोणी येणार नाही. पण कोण गैरहजर आणि कोण हजर, हे वहीत लिहावंच लागतं. तू ये. गुडघा दुखला तरी ये. ओळखपत्र आण. भाऊजींचंही आण.