आवाजाचा कर

॥ श्री ॥
धुळे, ५ जानेवारी १९९२

चि. सौ. सुनंदास धनसिंगभाऊचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. असोद्याची भरताची वांगी पाठवतो म्हणून पाव्हणे दसऱ्याला बोलले होते, त्यांना आठवण कर.

जवळच्या धावपट्टीवर विमान शिकवणारी शाळा निघाल्यापासून घराला झोप नाही. लहान विमानं सकाळपासून आपल्याच पत्र्यावर घिरट्या घालतात. आई दचकून उठते, मग दिवसभर तिची छाती धडधडते. तुझी वहिनी बेबा तिच्या कानात कापूस घालते, पण उपयोग नाही. शेजारच्या शेवंताबाईचा तान्हा नातू रडून रडून लाल होतो.

शेवटी मीच कलेक्टर कचेरीत अर्ज दिला. दर उड्डाणामागे आवाजाचा कर बसवा आणि तो खालच्या घरांना वाटा. लवकरच सभा आहे. बेबा मला करवाले साहेब म्हणते.

रत्ना इथंच टायपिंग शिकते आणि मामाकडे फिरकत नाही, तिचे कान धर. लोभ आहेच, तो दोन ओळींत तरी कळव.

तुझा,
धनसिंगभाऊ

मेहरूण, जळगाव, ११ जानेवारी १९९२

ती. भाऊंस सुनंदाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

वांगी दोन-तीन दिवसांत एस.टी.नं पाठवते.

भाऊ, आता खरं ते सांगते. रत्ना टायपिंग शिकत नाही, त्याच शाळेत विमान शिकते. दिवाळीत तुम्ही तिच्यासाठी स्थळ आणलं, तेव्हा सांगायचा धीर झाला नाही. एकटीनं विमान उडवलं की मामाच्या पाया पडायला येणार होती. फी माझ्या पाटल्या मोडून भरली. आता शाळा म्हणते, कर बसला तर तो शिकणाऱ्यांनीच भरायचा. आमच्याकडे मोडायला काही उरलं नाही, पोरीला शिक्षण अर्धवट सोडून परत यावं लागेल.

पण अर्ज मागे घ्या असं मी म्हणणार नाही. दचकते ती माझीही आई आहे. रागावलात तर माझ्यावर रागवा, तिच्यावर नको. वहिनींना नमस्कार. आजवर केलीत तशीच माया ठेवा.

तुमची,
सुनंदा

धुळे, १९ जानेवारी १९९२

चि. सौ. सुनंदास अनेक आशीर्वाद.

रागावलो. पत्र आलं त्या दिवशी जेवलोही नाही. दुसऱ्या दिवशी तुझी वांगी आली, भरीत झालं, तेव्हा जेवलो.

सभेत कर मंजूर झाला. मीही हात वर केला. भाचीसाठी शेवंताबाईच्या नातवाची झोप मोडता येत नाही. पण लेकीबाळींचं घ्यायचं नसतं, म्हणून वाटपातून आपलं घर काढून घेतलं. आणि रत्नाच्या उड्डाणांचा कर तिचा मामा भरणार, तसं शाळेत सांगून आलो. तिथंच ती भेटली. मला बघून विमानाच्या मागे लपली होती. पाटल्या मोडताना भावाला विचारलं नाहीस, हे मात्र मी विसरणार नाही.

आईला सांगितलं, तर तिनं एवढंच विचारलं की पोर वर एकटीच शे का, सोबत कोणी नाही का. त्या दिवसापासून कानातला कापूस काढून टाकलाय आणि खाट अंगणात घ्यायला लावते. कुठलं विमान रत्नाचं ते तिला कळत नाही, म्हणून सगळ्यांनाच हात जोडते. दचकते अजूनही, पण आता आवाज थांबला की दचकते.

घरातल्या सगळ्यांना आशीर्वाद. यापुढे जे असेल ते आधी भावाला कळवत जा, म्हणजे लोभ पोचला असं समजेन.

तुझा,
धनसिंगभाऊ